आज ओढ्याला पाणी येईल

काकांनी माझी गाडी पहिल्यांदा अडवली तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. जुलैची दुपार. अंगणात पापड टाकला तर वाळायच्या ऐवजी भाजून निघेल असं ऊन. नव्या नोकरीतलं माझं पहिलं प्रेझेंटेशन तीन वाजता होतं. इस्त्रीचे कपडे घालून, लॅपटॉप खांद्याला अडकवून मी बाहेर आले, गाडी सुरू केली आणि बघते तर फाटकात काकांचा जुना पिकअप ट्रक आडवा उभा. ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून काका बसलेले. डोक्यावर ओला पंचा, मांडीवर फोन.

"काका, ट्रक काढा ना. उशीर होतोय मला."

"आज ओढ्याला पाणी येईल. थांब."

"कुठून येईल? वर बघा, एक तरी ढग आहे का?"

"वर कशाला बघतेस? तिकडं बघ." त्यांनी डोंगराकडे बोट केलं. माथ्यावर कापसाच्या बोंडाएवढा एक पांढरा ढग होता. "आपल्या डोक्यावरचा पाऊस आपल्याला कधी त्रास देत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरचा देतो."

मी विनवण्या केल्या, आवाज चढवला, शेवटी काकूंना हाक मारली. काकू दारात येऊन म्हणाल्या, "हे माझं ऐकत असते तर मी आज जर्सी सिटीत लेकीकडे असते गं," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. मी पायरीवर बसले आणि घामाने डोळे चुरचुरत असताना फोनवरून ते प्रेझेंटेशन दिलं. नंतर मॅनेजरने विचारलं, मागे कोणी सारखं खाकरत होतं, ते कोण?

पाणी आलं नाही. थेंबभरही नाही. पाच वाजता काका उठले, खुर्चीची घडी केली आणि म्हणाले, "चला, आज वाचलो."

"कशातून?" मी विचारलं. ते ट्रक मागे घेण्यात गुंतले होते.

हे सगळं ॲरिझोनात, टूसॉन शहराच्या बाहेर. काकांच्या घरामागे एक वेगळी खोली होती, छोटंसं स्वयंपाकघर असलेली, तिथे मी तीन वर्षं भाड्याने राहिले. घर सुंदर होतं, समोर हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग, मागे डोंगर. फक्त शहराकडे जाणारा एकच रस्ता, आणि तो रस्ता एका कोरड्या नदीच्या पात्रात उतरून पलीकडे चढायचा. पूल नाही. इथले लोक अशा पात्राला वॉश म्हणतात, काका ओढा म्हणायचे. वर्षातले साडेतीनशे दिवस त्यात वाळू असते आणि वाळूत ससे. उरलेल्या दिवसांत, उन्हाळ्याच्या शेवटी, डोंगरात ढग फुटतो आणि त्या वाळूतून पाणी सुसाट धावतं. पाऊस पाच मैलांवर पडलेला असतो. तुमच्या इथे ऊन.

हे मी पहिल्या वर्षी पुस्तकी माहिती म्हणून ऐकलं होतं. मी नागपूरची. उन्हाचं मला कौतुक नाही आणि कोरड्या ओढ्याची भीती नाही. काकांना मात्र त्या ओढ्याखेरीज दुसरा विषयच नव्हता.

रस्ता जिथे पात्रात उतरतो तिथे त्यांनी सिमेंटचा एक खांब स्वतः रोवला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे चार पट्टे मारले होते. खालून पहिल्या पट्ट्याच्या वर पाणी असेल तर त्यांच्या घरातलं कोणीही पलीकडे जाणार नाही, हा कायदा. सरकारी पाटी होती, "पाणी असताना प्रवेश करू नका" अशी, पण काकांचा पाटीवर विश्वास नव्हता. "पाटी वाचून माणूस आधी गाडीच्या चाकाकडं बघतो आणि म्हणतो, माझी मोठी आहेत." रोज सकाळी ते खांबापर्यंत चालत जायचे, पात्राचा फोटो काढायचे आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, "ओढा कोरडा. डोंगर स्वच्छ. सावध." मंडळातल्या झाडून सगळ्यांनी त्यांना म्यूट केलं होतं. मला करता येत नव्हतं. मी म्यूट केलं तर ते खिडकीवर टकटक करून तेच वाक्य तोंडी सांगायचे.

जून लागला की माझ्या दाराशी वाळूची पोती. दोन थर. दुकानातून सामान घेऊन आले की मला पिशव्यांसकट ती ओलांडून आत जावं लागायचं. एकदा त्यात पाय अडकून मी दह्याच्या डब्यावर पडले. काकांनी दही पुसायला फडकं आणून दिलं, पोती हलवली नाहीत. आम्ही कुठे जेवायला गेलो आणि लांब कुठे गडगडलं, की काका ताटावरून उठलेच. एका बाईंच्या घरी डोहाळजेवणाला त्यांनी पुरणपोळीचा घास तोंडात असताना काकूंना खूण केली आणि त्या बिचाऱ्या वाटीतली खीर तशीच ठेवून उठल्या. गाडीत मी मागे बसले होते. काकू पुढे बघत म्हणाल्या, "चौथं डोहाळजेवण. एकाची खीर पूर्ण खाल्लेली मला आठवत नाही."

डोंगराच्या पायथ्याशी एक अमेरिकन म्हातारी राहायची. काकांची आणि तिची ओळख कशी झाली देव जाणे. तिकडे पाऊस सुरू झाला की ती फोन करायची. फोनवर बोलणं दोन शब्दांचं. ती म्हणायची, "इट्स रेनिंग." काका म्हणायचे, "थँक यू." मग ट्रक फाटकात आडवा. महिन्यातून सहा-सात वेळा. त्यांतून ओढ्याला पाणी यायचं एकदा.

मला वाटायचं, एवढी भीती उगाच नसणार. मंडळातही कुजबुज होती की यांचं कोणीतरी वाहून गेलेलं आहे. भाऊ असेल, पहिला मुलगा असेल. त्यामुळे लोक त्यांना सांभाळून घ्यायचे. मीही घ्यायचे. एकदा पोती ओलांडून आल्यावर धीर करून मी विचारलंच, "काका, तुमच्या घरातलं कोणी... पाण्यात?"

"कोणी नाही," ते म्हणाले.

"गावाकडे?"

"मी माण तालुक्यातला. आमच्याकडं बुडायला पाणी होतं कुठं? टँकर यायचा." मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "म्हणजे काय, घरातला एखादा वाहून गेला, तरच माणसानं घाबरायचं का? आधी घाबरलेलं चालत नाही?"

मला इतका राग आला! तीन महिने मी या माणसाला दुःखी समजून सवलत देत होते.

इथल्या तांब्याच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलं होतं. त्यांच्या पाळीत कोणाला अपघात झाला नाही, असं काकू एकदा सांगत होत्या. त्यांना ते कौतुकाने सांगायचं होतं की तक्रार म्हणून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "पाळीतली माणसं यांच्याशी बोलायची नाहीत," असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी गणपती बसले. दीड दिवसाचे. काकूंनी शाडूची वीतभर मूर्ती स्वतः केली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बादली भरून अंगणात ठेवली, तर काका म्हणाले, "बादलीत कशाला? दारात नदी असताना?"

"काका, नदीत वाळू आहे."

"येईल की पाणी."

झालं. गणपती राहिले. पाच दिवस झाले, सात झाले, दहा झाले. जगभरातले गणपती गावाला गेले, आमचे बैठकीतच. रोज दोन वेळा आरती, रोज नैवेद्य. काकांना आरतीला किमान तिघं लागायची, नाहीतर "आवाज भरत नाही". मी ऑफिसमधून थकून यायचे आणि चपला काढायच्या आत घंटा हातात. तेराव्या दिवशी खोबरं संपलं. पंधराव्या दिवशी काकूंनी नैवेद्याला मॅगी केली आणि वर तुळशीचं पान ठेवलं. "अहो, बाप्पांनाही घरी जायचं असेल," त्या म्हणाल्या. "त्यांची आई वाट बघत असेल."

मुलीचा जर्सी सिटीहून फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी समजतं, बोलते इंग्रजी. स्पीकरवर तिचा आवाज घरभर, "डॅड, इट्स अ डिच! यू आर वेटिंग फॉर अ डिच!"

"यस," काका म्हणाले.

सतराव्या दिवशी दुपारी दोनला म्हातारीचा फोन आला. काका उठले आणि मूर्ती घेऊन निघाले. पाण्यात उतरायला ते कधीच तयार झाले नसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचा बेत वेगळाच होता. त्यांनी कोरड्या पात्राच्या मधोमध वाळू थापटून चौरंगाएवढी जागा केली, मूर्ती ठेवली, हार घातला, आणि आम्हाला घेऊन वर काठावर आले. "आपण कशाला सोडायचं? पाणी येऊन घेऊन जाईल."

आम्ही तिघं काठावर उभे. ऊन रणरणतं. काकूंच्या हातात खिरापतीची वाटी. शेजारी घोडे पाळणारा एक अमेरिकन राहायचा, तोही कुंपणाला टेकून बघायला लागला. पाऊण तास. मी घड्याळ बघत होते आणि मनातल्या मनात खोली बदलायच्या जाहिराती वाचत होते.

आधी आवाज आला. लांबून खडीचा ट्रक ओतल्यासारखा. मग वळणावरून ते आलं. मला वाटलं होतं पाणी दिसेल. पुढे पाणी नव्हतंच, पुढे काटक्या, फांद्या, फेस, एक प्लॅस्टिकची खुर्ची, असा गुडघाभर उंच कचऱ्याचा बांध लोटत येत होता, आणि त्याच्यामागे चहाच्या रंगाचं पाणी. वर आकाश निळंशार. मूर्ती एक क्षण त्या बांधासमोर लालभडक हारासकट दिसली, आणि मग दिसली नाही. पाच मिनिटांत खांबाचे दोन पट्टे बुडाले. काकूंनी हात जोडले. शेजाऱ्याने टोपी काढली.

माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी काकांना कळू दिलं नाही. पुढचे पंधरा दिवस काका तसेही असह्य होणारच होते, आणि झाले.

तिसऱ्या वर्षीचा ऑगस्ट. मी आता पावसाळ्यात घरूनच काम करायचे, काकांशी भांडण्यापेक्षा ते सोपं होतं. दुपारी चारच्या सुमाराला डोंगरात वीज चमकत होती, ओढा अर्ध्या तासापासून वाहत होता. मी चहा घ्यायला काकूंकडे गेले. काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी कप माझ्याकडे केला आणि तो त्यांच्या हातातून सरळ खाली पडला. त्या फुटलेल्या कपाकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलल्या, पण ते शब्द नव्हते. तोंडाची एक बाजू ओघळली होती.

मी नाइन वन वन फिरवला. अँब्युलन्स बारा मिनिटांत आली. पलीकडच्या काठावर.

शेजारी धावत आला. त्याचा ट्रक घोड्यांची गाडी ओढणारा, कंबरेएवढ्या चाकांचा. "मागच्या सीटवर झोपवा तिला," तो इंग्रजीत म्हणाला. "याहून वाईट पाण्यातून गेलोय मी. दोन मिनिटांचं काम." आम्ही दोघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. ट्रकचं दार उघडं होतं.

काका ओढ्यापर्यंत जाऊन आले होते. ट्रकच्या समोर येऊन उभे राहिले.

"नो."

"काका, बाजूला व्हा!"

"दुसरा पट्टा बुडालाय. अजून चढतंय."

"काकूंना स्ट्रोक आलाय! एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"मग?"

ते हलले नाहीत. मी त्यांच्या दंडाला धरून ओढलं. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तोपर्यंत कधी एकेरीत बोलले नव्हते. शेजारी स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला, "दॅट्स युअर वाइफ, मॅन!"

"आय नो हू शी इज," काका म्हणाले.  पण ते तिथेच उभे.

शेजाऱ्याने शिवी हासडली. काकूंना परत आत न्यायला लावलं, आणि निदान त्या अँब्युलन्सवाल्यांना तरी घेऊन येतो म्हणून एकटाच निघाला. मी काठावरून बघत होते. पाणी ट्रकच्या दारापर्यंत आलं, मध्यावर ट्रक एकदा हातभर बाजूला सरकला, इंजिन किंचाळलं, आणि तो पलीकडे चढला.

"बघा!" मी ओरडले. "गेला! गेला की नाही?"

"गेला," काका म्हणाले आणि घरात गेले.

पलीकडचे लोक त्याच्या ट्रकमध्ये बसायला तयार झाले नाहीत. त्यांनी हेलिकॉप्टर मागवलं. डोंगरावरची वीज थांबेपर्यंत ते उडू शकत नव्हतं. एक तास दहा मिनिटं. तेवढा वेळ काकू सोफ्यावर कुशीवर होत्या, आणि काका जमिनीवर बसून त्यांच्या तोंडातून येणारी लाळ पुसत होते, पंच्याच्या एका कोपऱ्याने, मग तो कोपरा आत घडी घालून दुसऱ्याने. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. त्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मी सारखी घड्याळाकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत होते, किती मिनिटं झाली ते. त्यांना लागावं म्हणूनच सांगत होते.

हेलिकॉप्टर शेजाऱ्याच्या घोड्यांच्या मैदानात उतरलं, काकूंना घेऊन गेलं. सोबत कोणाला नेलं नाही. साडेसहाला पाणी ओसरलं. घोट्याएवढं राहिलं होतं. मी गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होते आणि काका खांबाशी उभे, पहिला पट्टा पूर्ण उघडा पडायची वाट बघत. आणखी वीस मिनिटं. मग आम्ही हॉस्पिटलला निघालो.

काकू वाचल्या. उजवा हात पूर्ण परत आला नाही, आणि शब्द शोधावे लागायला लागले. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, तास-सव्वा तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, लवकर आणलेलं नेहमीच चांगलं. याहून जास्त ते काही बोलले नाहीत, आणि मला तेवढं पुरलं. मुलगी आली. तिने बापाशी भांडण केलं नाही, त्याच्याशी बोलणंच बंद केलं. आईला घेऊन जाते म्हणाली. काकूंनी डाव्या हाताने सोफ्याचा कठडा पकडला आणि मान हलवली.

ऑक्टोबरात मी शहरात फ्लॅट घेतला. सामान नेताना काका वाळूची पोती बाजूला करत होते, मला अडचण नको म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सहा महिने फोन केला नाही. ग्रुपवर रोज फोटो यायचा, "ओढा कोरडा." मी न बघता पुढे सरकवायचे.

एप्रिलमध्ये राहवेना म्हणून गेले, काकूंसाठी. त्या ओट्याशी बसून डाव्या हाताने भेंडी चिरत होत्या. एकेक भेंडी पळायची. मी सुरी मागितली, दिली नाही. काका बाहेर होते. मी हळूच विचारलं, "काकू, त्यांचा राग नाही येत?"

त्या बराच वेळ शब्द जुळवत होत्या. "येतो," म्हणाल्या. "रोज. भाजी... चिरताना." मग एक भेंडी पकडून तिचे चार तुकडे केले. "बाकी... वेळ... मिळत नाही."

निघताना काका गाडीपर्यंत आले. म्हातारे दिसत होते. दाढी नीट झालेली नव्हती, एका गालावर खुंट राहिले होते. मी दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "एक विचारू?"

तीन वर्षांत त्यांनी मला बरंच काही सांगितलं होतं. विचारलं कधीच काही नव्हतं.

"मी चुकलो का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पाणी चढत होतं, ट्रक सरकला होता, पलीकडचे लोकही आले नाहीत, हे सगळं मला माहीत होतं. पण ती एक तास दहा मिनिटंही मला माहीत होती, मीच मोजली होती.

"हो, काका. चुकलात."

"हं." त्यांनी बुटाच्या टोकाने वाळूत रेघ ओढली. "मलाही तसंच वाटतं. रोज वाटतं."

 सहा महिने साठवलेलं सगळं विरघळायला लागलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवणार, तेवढ्यात ते मान वर करून म्हणाले, "पण उद्या परत तसं झालं, तर परत मी जाऊ देणार नाही. तिलाही नाही. तुलाही नाही."

मी हात मागे घेतला. गाडीत बसले, दार आपटलं, किल्ली फिरवली. या माणसाला मिठी मारावी की धरून गदगदा हलवावं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. काच खाली करून मी म्हणाले, "पुढच्या रविवारी येते."

"ये," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी फाटक उघडायला पुढे चालायला लागले.